घोडी पुढे निघून गेली

२००४ साली दत्तजयंती २६ डिसेंबरला आली होती. तारीख विसरणं शक्य नाही, कारण त्याच दिवशी त्सुनामी आली. मी दिवसभर सारंगखेड्याच्या घोडेबाजारात होतो, त्यामुळे संध्याकाळपर्यंत मला काही कळलं नव्हतं. रात्री शहाद्याला घरी पोचलो तर टीव्हीवर समुद्र गावात शिरताना दाखवत होते आणि घरातले सगळे गप्प बसून पाहत होते. मीही गप्पच होतो, पण माझ्या गप्प बसण्याचं कारण वेगळं होतं. त्या दिवशी मी एका म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोललो होतो. आजवर हे कुणाला सांगितलं नाही.

माझा शहाद्यात छोटा फोटो स्टुडिओ. लग्नं, साखरपुडे, शाळांची गॅदरिंग, पासपोर्ट फोटो यांवर घर चालायचं. पंधरा वर्षं मी यशिकाच्या रोलच्या कॅमेऱ्यावर काम केलं होतं. त्यात फोकस हाताने करायचा, रोल हाताने पुढे सरकवायचा. बटण दाबलं की आरसा उचलला जायचा, पडदा उघडायचा आणि फोटो झालेला असायचा. बोटाला तेच वळण पडलं होतं. अंतरपाट दूर होतो आणि माळ गळ्यात पडते तो क्षण डोळ्यांनी टिपला की बोट आपोआप दाबलं जायचं, आणि छापून आलेल्या फोटोत तोच क्षण असायचा. हे कॅमेऱ्याचं काम आहे असं मला कधी वाटलंच नाही. मी ते माझंच कौशल्य समजत होतो.

त्या वर्षी डिजिटल घ्यायचं ठरवलं. रोल आणि धुलाईचा खर्च वाचणार होता, आणि गिऱ्हाईकंही ‘डिजिटल आहे का?’ असं विचारायला लागली होती. सुरतेला जाऊन मुठीत मावेल असा चकचकीत कॅमेरा घेतला. दुकानदाराला मी एकच प्रश्न विचारला, मेगापिक्सेल किती? पाच, तो म्हणाला. आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या स्टुडिओत तीनचा होता. माझं समाधान झालं. काउंटरवर प्लॅस्टिकची फुलं ठेवली होती, त्यांचा फोटो काढून पाहिला, छान आला. ज्या माणसाचं अर्धं पोट नाचणाऱ्या वरातीवर चालतं, त्याने हलणाऱ्या कशाचाच फोटो काढून पाहिला नाही. ही पहिली चूक, आणि पुढचं सगळं तिच्यातून निघालं.

सारंगखेड्याची यात्रा तापीकाठच्या एकमुखी दत्ताची. पण बाहेरचे लोक तिला ओळखतात ते घोड्यांमुळे. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरा, पंजाब-राजस्थानातून ट्रक भरभरून येतात. घेणारा आधी घोड्याचे दात पाहतो, मग अंगावरचे भोवरे पाहतो, आणि मग म्हणतो, चालवून दाखव. रेवाल चालीचा घोडा जातो तेव्हा खाली पाय दिसत नाहीत इतके झरझर पडतात आणि वर स्वाराचं डोकं जराही हलत नाही. हे ज्याने समोर उभं राहून पाहिलं आहे त्याला उभ्या घोड्याचा फोटो फिका वाटतो.

तसंच त्या बाबांना वाटत असावं. ते तळोदा तालुक्यातून आले होते. बरोबर दहा-अकरा वर्षांचा नातू आणि कुमैत रंगाची घोडी, पंचकल्याणी, चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा. रुमालाखाली बोटं धरून सौदा झाला होता, दुपारनंतर घोडी जाणार होती. माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहून ते जवळ आले. म्हणाले, “भाऊ, पोऱ्याचा तिच्यावर बसलेला एक फोटो काढ. पळताना काढ. उभ्या घोडीचा नको.” आणि पन्नासची नोट माझ्या हातात ठेवली.

मी मोकळ्या पट्टीच्या कडेला उभा राहिलो. पोरगा डावीकडून आला. खोगीर नव्हतं, नुसत्या पाठीवर बसला होता, लगाम सैल सोडलेला. अगदी समोर आला तेव्हा मी बटण दाबलं. लेन्स आतल्या आत पुढे-मागे सरकली, आणि मग आवाज झाला. पडद्यावर पाहिलं तर सगळी धूळ, आणि उजव्या कडेला घोडीचं शेपूट आणि पोराची उजवी टाच. पुन्हा पळवायला सांगितलं. या वेळी नुसती धूळ आली. तिसऱ्यांदा घाबरून लवकर दाबलं तर घोडी चौकटीत यायचीच होती. चौथ्यांदा सांगायची सोय नव्हती, ट्रकचं मागचं फळकूट उघडलं होतं आणि घेणारा हाका मारत होता.

बाबा आले. “भाऊ, उना का फोटो?”

मी म्हणालो, “बाबा, कार्ड खराब झालं.”

कार्डाला काही झालं नव्हतं. मी नोट परत करायला लागलो तर त्यांनी घेतली नाही. म्हणाले, तू उन्हात उभा राहिलास ना. पोरगा ट्रककडे पाहत होता, त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी भेटेल त्याला सांगत होतो की डिजिटल कॅमेऱ्यात दम नाही. बाबांना सांगितलेलं खोटं मी असं स्वतःलाही पटवून दिलं होतं. कॅमेऱ्याबरोबर आलेलं पुस्तक पिशवीतून बाहेरही काढलं नव्हतं. इंग्रजी वाचायचा कंटाळा होता आणि पंधरा वर्षांच्या अनुभवाचा ताठा होता. शेवटी कॉलेजात शिकणारा एक मुलगा स्टुडिओत बसला असताना म्हणाला, “काका, हे बटण दोन टप्प्यांचं आहे. आधी अर्धं दाबून धरायचं.”

तेव्हा उलगडा झाला. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात फोकस मी आधीच करून ठेवलेला असायचा. नव्यात बटण दाबल्यावर कॅमेरा फोकस शोधायला निघायचा, लेन्स पुढे-मागे करून चित्र कुठे सर्वांत ठळक दिसतं ते पाहायचा, उजेड मोजायचा, आणि मग फोटो घ्यायचा. बटण अर्धं दाबलं की ही सगळी कामं आधी उरकतात, मग पूर्ण दाबलं की फोटो जवळपास लगेच निघतो. मी कॉम्प्युटरवर स्टॉपवॉच चालू केलं आणि १०.०० दिसायच्या क्षणी बटण दाबत फोटो काढले. फोटोत आकडे यायचे १०.७०, १०.७८. अर्धं दाबून धरल्यावर तेच १०.०८ च्या आसपास यायला लागले. ताशी ४० किलोमीटरने धावणारी घोडी पाऊण सेकंदात आठ मीटर पुढे जाते. एवढ्या जागेत तीन घोडे एकामागे एक उभे राहतील. ती माझ्या चौकटीत असणार कशी?

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात का, हा वाद कॅमेऱ्याने मिटवला तो जून १८७८ मध्ये, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला. एडवर्ड मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीने मांडले आणि त्यांचे दोरे आडवे ताणले. घोडी धावत गेली तसे दोरे तुटत गेले आणि एकेक कॅमेरा उघडत गेला. पाय सुटतात, हे सिद्ध झालं. तेही चित्रकार दाखवत तसे पुढे-मागे पसरलेले असताना नाही, पोटाखाली गोळा झालेले असताना. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की बटण माणसाच्या बोटाने दाबलंच नव्हतं, घोडीनेच दाबलं होतं. डोळ्याने पाहून बोट हलेपर्यंत माणसाचाही पाव सेकंद जवळपास जातोच. कॅमेऱ्याचा उशीर त्याच्यावर चढतो. धावत्या घोड्याचा फोटो घ्यायचा तर टापांची लय कानात धरून क्षणभर आधी दाबायला शिकावं लागतं. कॅमेऱ्याचा उशीर दर वेळी सारखा असेल तरच हे जमतं. आज अर्धा सेकंद आणि उद्या एक, असं असेल तर बोट काय शिकणार?

२००६ मध्ये नाशिकहून जुना निकॉन डी-७० घेतला, थोडं कर्ज काढून. आरशाचा कॅमेरा, चालू करताच तयार, दाबलं की निघालाच. त्या वर्षी सारंगखेड्याला मी रेवाल चालीचे फोटो काढले आणि मला वाटलं, आता सुटलो.

२००८ च्या होळीला काठीला गेलो. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून, मोलगीच्या बाजूला. काठीची राजवाडी होळी रात्रभर चालते आणि पहाटे पेटते. कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले, अंगभर पांढरे ठिपके काढलेले, मोरपिसांचे उंच टोप घातलेले बुध्ये ढोलाच्या ठेक्यावर फेर धरतात. त्यांनी दिवसच्या दिवस पालनी पाळलेली असते, नियम धरलेले असतात. त्यांच्यासमोर मी माझा चपळ कॅमेरा घेऊन उभा राहिलो आणि बटण दाबलं, तर तो गप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा गप्प. अंधारात फोकस लागत नव्हता, आणि मी ठेवलेल्या सेटिंगमध्ये फोकस लागल्याशिवाय तो फोटो घेतच नव्हता. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली साधी लेन्स फार थोडा उजेड आत घेत होती. त्यात फ्लॅशला डोळे लाल न येण्याची सोय चालू राहिली होती, म्हणजे आधी सेकंदभर दिवा लागणार आणि मग फोटो निघणार. तेवढ्यात बुध्या वळून गेलेला असायचा आणि फोटोत त्याची पाठ यायची. चपळ कॅमेरा घेतला म्हणजे झालं, ही माझी दुसरी चूक. अंधारात कॅमेऱ्याची चपळाई लेन्सवर अवलंबून असते. पुढच्या वर्षी ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स घेऊन गेलो, फोकसचा मधला एकच बिंदू ठेवला, आणि फोटो मिळाले.

तिसरी चूक थोडक्यात सांगतो, कारण ती निव्वळ हावरटपणाची होती. २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच तालुक्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. मी लांबच्या गर्दीत होतो. फोटो चांगले हवेत म्हणून सर्वांत मोठ्या फाइलवर ठेवलं आणि पाहुणे मंचावर येताच धडाधड चार-पाच काढले. टेंभलीच्या महिलेच्या हातात आधारचं पत्र पडलं तेव्हा माझा कॅमेरा आधीचे फोटो स्वस्तातल्या, संथ कार्डावर उतरवत बसला होता. हिरवा दिवा लुकलुकत होता आणि बटण दबत नव्हतं.

आता बिनआरशाचे कॅमेरे आले आहेत. काही कॅमेरे बटण अर्धं दाबून धरलं की चित्रं आत साठवत राहतात आणि पूर्ण दाबण्याच्या आधीचा क्षणही देतात. फोनमध्येही अशी सोय आली आहे. तरी माझ्याकडे सल्ला मागायला येणाऱ्या पोरांना मी दुकानात जाऊन प्रत्यक्ष पाहायला सांगतो. रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारसायकलीवर धरून पाहा. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात धरून पाहा. एकामागून एक दहा काढा आणि अकराव्याला किती थांबावं लागतं ते मोजा. आवाज न करणाऱ्या शटरने धावत्या चाकाचा फोटो काढा, कारण काही कॅमेरे चित्र वरून खाली सावकाश वाचतात आणि गोल चाक लंबुळकं येतं, घोड्याचे पाय तिरपे येतात. शटरचा वेग एक हजारांश सेकंद आहे असं दुकानदार सांगेल. तो आकडा पडदा किती वेळ उघडा राहतो त्याचा. बोट दाबल्यापासून पडदा उघडेपर्यंतचा वेळ वेगळा, आणि तो मेगापिक्सेलसारखा खोक्यावर ठळक छापलेला मला तरी दिसलेला नाही.

बाबांना मी शोधलं नाही, हे सांगायचं राहिलं. २००५ आणि २००६ च्या यात्रेत बाजाराच्या त्या बाजूला मी मुद्दाम गेलो नाही. २००७ ला धीर करून विचारलं, तेव्हा एक दलाल म्हणाला की घोडी विकली तेव्हापासून ते येत नाहीत. गाव त्यालाही माहीत नव्हतं. मी त्यांना नावसुद्धा विचारलं नव्हतं.

ते तिन्ही फोटो माझ्याकडे अजून आहेत. सीडीवरून कॉम्प्युटरवर घेतले आहेत. पहिल्यात शेपूट आणि टाच स्पष्ट आहे, टाचेवर चिखल वाळलेला दिसतो. तो पोरगा आता तिशीत असेल. तळोदा तालुक्यात कुणाच्या घरी २००४ साली सारंगखेड्याला विकलेल्या कुमैत, पंचकल्याणी घोडीची आठवण निघत असेल, तर त्यांना एवढं सांगा की कार्ड खराब झालं नव्हतं. शहाद्याला या, फोटो छापून ठेवला आहे.