भुलेश्वरहून डोंबिवलीकडे

इमारतींवर लिहिणे हे एखाद्याचे आयुष्यभराचे काम असू शकते, याचे आम्हां साहित्याच्या प्राध्यापकांना थोडे नवलच वाटते. कैवान मेहता यांनी ते करून दाखवले. शिक्षणाने वास्तुरचनाकार, पण लेखन, संपादन आणि प्रदर्शनांची मांडणी हेच त्यांनी आपले क्षेत्र मानले. २००९ मध्ये 'अ‍ॅलिस इन भुलेश्वर' हे इंग्रजी पुस्तक, पुढे 'डोमस इंडिया'चे संपादन, आणि २०१६ मध्ये राहुल मेहरोत्रा व रणजित होस्कोटे यांच्यासह मुंबईच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये स्वातंत्र्योत्तर वास्तुकलेचे मोठे प्रदर्शन.

आम्हांला मात्र त्या प्रदर्शनापेक्षा भुलेश्वर अधिक मोलाचे वाटते. तिथल्या गल्ल्या, चाळी, दर्शनी भागांवरची नक्षी यांकडे मेहता एखाद्या संहितेकडे पाहावे तसे पाहतात. ज्या घराच्या रचनाकाराचे नावही कुणाला ठाऊक नाही, तेही समीक्षेचा विषय होऊ शकते, हा त्यांचा खरा आग्रह. (साहित्यात लोकगीतांना हा मान मिळायलाही बराच काळ लागला.)

गिरगाव-दादरच्या चाळींतून निघालेली कितीतरी कुटुंबे डोंबिवलीत, ठाण्यात येऊन स्थिरावली. त्यांच्या तीन-चार मजली इमारती आता एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. सामायिक गॅलरी, जिन्यातली जाळी, तळमजल्यावरचा कट्टा यांची नोंद कुठे होते? करारनाम्यात फक्त चौरस फूट उरतात. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याची बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली, तेव्हा मात्र सगळ्यांनी इमारतीविषयी लिहिले. उभ्या इमारतीविषयी बोलायची भाषाच आपण सांभाळली नाही, असे आमचे मत आहे.

ती मराठीत नव्हती असेही नाही. बडोद्याच्या विद्यापीठात वास्तुकला शिकवणाऱ्या माधव आचवलांचे 'किमया' १९६१चे. भिंत, प्रकाश, अवकाश हे शब्द त्यांनी ललित गद्यात इतक्या सहजतेने वावरवले, की वाचणाऱ्याला स्वतःची खोली नव्याने दिसावी. पण ते पुस्तक आपण 'सुंदर ललित लेखन' म्हणून कपाटात ठेवले. त्यातून समीक्षेची परंपरा काही निघाली नाही.

यंदा 'किमया'तला एक लेख वर्गात वाचल्यावर आम्ही विद्यार्थ्यांना आपापल्या जिन्याविषयी एक पान लिहायला सांगितले. बहुतेकांनी आधी पायऱ्या मोजल्या.