कुंडलचा तंबोरा मिरजेस

किर्लोस्करवाडीचें स्टेशन पूर्वीं ‘कुंडल रोड’ या नांवानें ओळखलें जाई. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानांतील तेथल्या माळावर कारखान्याची वसाहत उभारली, आणि पुढें स्टेशनानेंहि तिचेंच नांव घेतलें. आम्हां कुंडलकरांस मात्र तें अजून आपलेंच वाटतें. गेल्या माघांत एक तंबोरा, एक गिटार व एक पुतण्या यांसह मी तेथें मिरजेच्या गाडीची वाट पाहत उभा होतों.

तंबोरा आत्याबाईंचा. भोपळ्याला तडा गेलेला आणि आवाजहि बसलेला. “नवा भोपळा बसवूं नका रे, त्याचा गळा जाईल,” असें त्यांनीं निघतांना चारदां बजावलें होतें. पुतण्याचें म्हणणें, भोपळा ही केवळ आवाज वाढविणारी पेटी. जुना काय नि नवा काय!

मिरजेचे तंतुवाद्यांचे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकांत तलवारींचे दिवस सरले, तेव्हां फरीदसाहेब शिकलगार प्रभृतींनीं तोच हात सतार-तंबोऱ्याकडे वळविला. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. २०२४ सालीं येथील सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें.

म्हाताऱ्या कारागिरानें पुतण्याचा वाद शांतपणें ऐकला. मग एका तारेचें टोक खिळ्याला अडकवून, दुसरें मुठींत ताणून तार छेडली. जेमतेम गुणगुण झाली. बारीक तार हवा कापते, हलवीत नाहीं. पुढची हवा बाजूनें निसटून मागें जाते. तीच तार तंबोऱ्यावर छेडली, तों खोली भरली. तारेचें कंपन घोडीवाटे तबलीच्या रुंद फळीला मिळतें, आणि फळी पुष्कळ हवा एकदम ढकलते. गिटारींतहि हेंच, तिची वरची फळी अवघी अडीच-तीन मिलिमीटर जाड, आणि खालच्या सुरांना पेटींतील हवा भोंकावाटे साथ देते, रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकावें तशी.

“म्हणजे पेटी जोर वाढविते,” पुतण्या म्हणाला.

“जोर कोठून आणील, बाबा? बोटानें दिला तेवढाच.”

म्हातारा खरें बोलत होता. आमच्या मळ्यांतील हौदाची मोरी थोडी उघडली तर पाणी रात्रभर झिरपतें, सबंध उघडली तर धो धो वाहून लवकर संपतें. पेटी ही मोरी. म्हणूनच गिटारचा स्वर मोठा, पण लवकर विरणारा. विजेच्या गिटारींत मात्र बाहेरून खरोखरच जोर येतो. लोहचुंबकाजवळ पोलादी तार हलली कीं वेटोळ्यांत सूक्ष्म प्रवाह उठतो, आणि तो यंत्रानें वाढवून कर्ण्यास देतात. (शेजाऱ्यांचे हाल वेगळे.)

भोपळ्याचा तडा त्यानें सांधला. नवा नको म्हणाला. खरा दोष निराळाच निघाला. तारांनीं घोडीवर चर पडले होते. तंबोऱ्याची तार घोडीच्या किंचित् उतरत्या पाठीवर घासत कांपते, व त्या स्पर्शानेंच वरचे सूक्ष्म स्वर उमटतात, ती जव्हारी. चर पडले कीं ती मुकी होते. कानस घोडीला लागली तेव्हां, आत्याबाईंना काय तोंड दाखवावें, या विचारानें मी दाराबाहेर जाऊन उभा राहिलों.

रात्रीं वाड्यांत पुतण्यानेंच तारांखालीं सूत सरकवून जव्हारी लावून दिली. आत्याबाईंनीं चारी तारा छेडल्या. बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत.

“मी शिकत होतें तेव्हां हा असाच बोले,” त्या म्हणाल्या, आणि खोळ शोधूं लागल्या.