नवी सिस्टिम, जुने प्रश्न

पंधरा वर्षं विंडोजवर सी++ लिहिल्यावर एक दिवस कळतं की प्रॉडक्ट आता लिनक्सवर न्यायचंय. तेव्हा पोटात जो गोळा येतो, तो नवीन काही शिकावं लागणार म्हणून नसतो. शिकायची सवय आपल्या धंद्यात सगळ्यांनाच असते. भीती वेगळीच असते. कालपर्यंत लॉग बघून 'हे हँडल लीक होतंय' असं सांगणारे आपण, उद्या पोरांच्या तोंडाकडे बघत बसणार! त्यात वय चाळिशीपुढचं, घराचे हप्ते चालू... असो.

मग पुस्तकाचा शोध सुरू होतो. अप्पा बळवंत चौकात जा नाहीतर ऑनलाइन बघा, 'लिनक्स' म्हटलं की दोन ढीग समोर येतात. एकात इन्स्टॉल कसं करायचं आणि फोल्डर कसा बनवायचा. दुसऱ्यात कर्नलच्या पोटातली रचना. पहिला ढीग आपल्याला बालवाडीत बसवतो, दुसरा थेट पीएच.डी.ला :-) आपल्याला हवं असतं मधलं काहीतरी, म्हणजे प्रोग्रॅम कर्नलशी कसा बोलतो ते सांगणारं.

मी एक साधी युक्ती केली. विंडोजवर ज्यांची उत्तरं मला पाठ आहेत असे तीन प्रश्न कागदावर लिहिले आणि प्रत्येक पुस्तकात तेवढेच शोधले.

एक, नवी प्रोसेस कशी सुरू होते? विंडोजच्या 'क्रिएटप्रोसेस'ला दहा पॅरामीटर लागतात. इथल्या 'फोर्क'ला एकही नाही, आणि ते एकदा बोलावून दोनदा परत येतं! असं का, हे पुस्तक सांगतं का?

दोन, उघडी असलेली फाइल डिलीट केली तर काय होतं? विंडोज सहसा करूच देत नाही. इथे नाव लगेच जातं, पण फाइल धरून बसलेली शेवटची प्रोसेस ती सोडेपर्यंत डिस्कवरची जागा मोकळी होत नाही.

तीन, एकाच वेळी अनेक गोष्टींची वाट कशी बघायची? म्हणजे आपलं 'वेटफॉरमल्टिपलऑब्जेक्ट्स'.

बरीच पुस्तकं पहिल्याच प्रश्नाला गळली. शेवटी दोन उरली. रिचर्ड स्टीव्हन्सचं 'अॅडव्हान्स्ड प्रोग्रॅमिंग इन द युनिक्स एन्व्हायर्नमेंट' १९९२ सालचं. स्टीव्हन्स १९९९ मध्ये गेले, मग स्टीफन रॅगो यांनी २००५ आणि २०१३ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. दुसरं मायकल केरिस्क यांचं 'द लिनक्स प्रोग्रॅमिंग इंटरफेस', २०१०, पानं दीड हजाराच्या वर. स्टीव्हन्सचं पुस्तक अनेक युनिक्सना एकत्र घेऊन चालतं. केरिस्क मात्र लिनक्सला धरून बसतात आणि कुठली गोष्ट स्टँडर्डमधली, कुठली फक्त लिनक्सची, हे जागोजागी सांगतात. मला लिनक्सच हवं होतं, म्हणून केरिस्क घेतलं. दुसऱ्या प्रश्नाला तर त्यात छोटा प्रोग्रॅमच दिलाय.

तो प्रोग्रॅम लवकरच कामी आला. एका सर्व्हरची डिस्क भरली होती. मोठा लॉग डिलीट केला तरी जागा मोकळी होईना. फाइल कोणीतरी धरून ठेवलीय हे मला लगेच सुचलं. सर्व्हिस रीस्टार्ट केली, जागा परत आली. त्या दिवशी रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

आता तुम्ही म्हणाल, २०१० चं पुस्तक आज कशाला? तर मंडळी, 'ओपन', 'फोर्क', 'वेट' हे तेव्हा जसे होते तसेच आजही आहेत. लिनक्सचा कर्नल चालू प्रोग्रॅम मोडू नयेत याची फार काळजी घेतो. जे नंतर आलं ते मात्र पुस्तकात नाही. माझ्या तिसऱ्या प्रश्नाचा एक तुकडा असाच निघाला. प्रोसेसची वाट 'पोल'ने बघता येईल अशी 'पिडएफडी-ओपन'ची सोय २०१९ मध्ये आली, ती मॅन पेजमधून वाचावी लागली. पण पाया पक्का असला की मॅन पेजही समजतं.

म्हणून दुकानात जाण्याआधी आपले तीन प्रश्न लिहून घ्या. सिस्टिम कुठलीही असो. परीक्षणं, तारे, मित्रांचे सल्ले नंतर. आपण कोरी पाटी घेऊन आलेलो नाही, हे ज्या पुस्तकाला कळतं ते घ्यावं. महाग असलं तरी घ्यावं.