दुर्भाषण, कुफ्र आणि नाबोथचा मळा

इंजीलच्या दोन प्रती माझ्याकडे आहेत. एक मराठी, एक उर्दू. मराठी प्रत बी.एड.च्या वर्षी एका ख्रिस्ती वर्गमित्राने दिली. उर्दू प्रत पुढे मी स्वतः मागवली. मोताळ्यात राहून उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवायचे म्हणजे एकच वाक्य दोन भाषांत कसे उतरते हे पाहण्याचा नाद लागतोच. या नादातून एका शब्दापाशी मी बराच काळ अडकलो आहे. इंग्रजीत ज्याला ब्लास्फेमी म्हणतात, तो हा शब्द.

मार्कच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात एक प्रसंग आहे. पक्षाघात झालेल्या माणसाला चार जण छप्पर उघडून हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांच्यापुढे खाली सोडतात. ते त्याला म्हणतात, तुझ्या पापांची क्षमा झाली. तिथे बसलेले शास्त्री मनात म्हणतात, क्षमा करणारा तर फक्त ईश्वर, मग हा असे कसे बोलतो? या बोलण्याला मराठी भाषांतरात ‘दुर्भाषण’ म्हटले आहे आणि उर्दूत ‘कुफ्र बकना’. मूळ ग्रीक शब्द दोन्हीकडे एकच. मराठी वाचकाला वाटते, कुणीतरी वाईट बोलले. उर्दू वाचकाला वाटते, कुणीतरी ईमानाबाहेर गेले. पहिला शब्द जिभेचा दोष सांगतो, दुसरा थेट माणसाच्या श्रद्धेचा निकाल लावतो.

ग्रीक शब्दाचा साधा अर्थ आहे बदनामी, नावाला इजा करणारे बोलणे. इंग्रजीतला ‘ब्लेम’ हा रोजचा शब्द त्यातूनच आला आहे. बायबलच्या नव्या करारात तो ईश्वराबद्दल येतो, तसाच माणसाबद्दलही येतो. तीताला लिहिलेल्या पत्रात, कुणाबद्दलही असे बोलू नका, असा उपदेश आहे. तिथे हेच क्रियापद वापरले आहे. पण तिथे मराठी भाषांतर ‘निंदा’ म्हणते आणि उर्दू भाषांतर ‘बदगोई’. म्हणजे मूळ ग्रंथाने जे एकाच शब्दात ठेवले, ते भाषांतरकारांनी दोन खणांत टाकले. देवाची निंदा मोठा गुन्हा, शेजाऱ्याची निंदा किरकोळ दोष. आपल्या व्यवहारातही आपण नेमकी हीच वाटणी करतो.

इब्री भाषेत तर आणखी गंमत आहे. तौरातमध्ये अशा जागी जी क्रियापदे येतात, त्यातल्या एकाचा धातू ‘हलके असणे’ या अर्थाचा आहे. मराठीत आपण ‘हलके लेखणे’ म्हणतो, तेच. आपला ‘तौहीन’ हा शब्द अरबीतल्या ‘वहन’ या मुळाशी जोडलेला आहे. वहन म्हणजे अशक्तपणा. तौहीन म्हणजे मुळात कमजोर करणे. वर्गात हा धातू सांगितला तेव्हा एका मुलीने सरळ विचारले, “सर, मग अल्लाहला कमजोर कोण करू शकतं?” तिला उत्तर नकोच होते. तिने ते प्रश्नातच दिले होते.

लेवीय या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात या गुन्ह्याची शिक्षा आहे. आई इस्राएली आणि बाप मिसरी असलेला एक माणूस छावणीत भांडतो, भांडणात ईश्वराचे नाव घेऊन शिव्याशाप देतो, आणि त्याला दगडमार होतो. हा प्रसंग सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. शिक्षा मरणाचीच आहे. पण पुढच्या यहुदी धर्मशास्त्र्यांनी तिच्याभोवती केवढे कुंपण घातले ते पाहण्यासारखे आहे. इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये नियम असा, की ईश्वराचे खास नाव स्पष्ट उच्चारले नसेल तर गुन्हा होत नाही. साक्ष चालू असताना साक्षीदारांनी नावाऐवजी दुसरा शब्द वापरायचा. शेवटी बाकी सगळ्यांना बाहेर काढून सर्वात मोठ्या साक्षीदाराला विचारायचे, नेमके काय ऐकलेस ते जसेच्या तसे सांग. ते ऐकताना न्यायाधीश उभे राहून आपली वस्त्रे फाडतात. म्हणजे ‘काहीतरी वाईट बोलला’ एवढ्यावर काम भागत नाही. शब्द समोर यावा लागतो, आणि तो कानाने ऐकलेला माणूसही.

कायद्याला कुंपण असले तरी त्याचा दुरुपयोग टळत नाही, हेही बायबलच सांगते. पहिल्या राजांच्या पुस्तकातला २१वा अध्याय शेतकऱ्यांच्या मुलांना मी नेहमी सांगतो. नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून होता. राजाला तिथे भाजीची वाडी करायची होती. बदल्यात दुसरा मळा किंवा पैसे द्यायला तो तयार होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन मी देणार नाही. राजा तोंड फिरवून पलंगावर पडला. मग राणी ईजबेलने गावच्या पुढाऱ्यांना पत्रे लिहिली. दोन गुंड उभे करा, त्यांना सांगायला लावा की नाबोथने देवाला आणि राजाला शिव्या दिल्या. तसेच झाले. नाबोथ मेला, मळा राजाला मिळाला. आपण ज्यांना हजरत इलियास म्हणतो, ते एलीया मग राजाला गाठतात. खून केलास आणि वर ताबाही घेतलास, असे तोंडावर सुनावतात.

बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालणाऱ्या आपल्या भागात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. देवाच्या अपमानाची फिर्याद होती, पण हवी होती जमीन.

नव्या करारात तर हा आरोप खुद्द ईसांवरच येतो. महायाजक कयफा वस्त्रे फाडतो आणि म्हणतो, याने दुर्भाषण केले, आता साक्षीदार कशाला हवेत? मिश्नाचा नियम आणि हे वाक्य शेजारी ठेवून पाहा. पुढे स्तेफन या अनुयायाविरुद्धही खोटे साक्षीदार उभे केले जातात आणि त्याला दगडमार होतो. इथे मला माझी भूमिका स्पष्ट करायला हवी. ईसांना सुळावर दिले गेले नाही, ही कुरआनची शिकवण मी मानतो. ख्रिस्ती बांधव त्यांना ईश्वरपुत्र म्हणतात, आणि कुरआनच्या १९व्या सूरहने या कल्पनेला किती कठोर शब्दांत नाकारले आहे तेही मला ठाऊक आहे. आमच्या श्रद्धा इथे वेगळ्या होतात, आणि ते लपवून मैत्री होत नाही. पण ज्या धर्माच्या केंद्रस्थानी असलेल्या व्यक्तीलाच ईशनिंदेच्या आरोपाखाली दोषी ठरवले गेले, त्या धर्माच्या ग्रंथात हा शब्द वाचताना हात थांबतो.

यहुदी शास्त्र्यांना जे दुर्भाषण वाटले, ते ख्रिस्ती माणसाचे ईमान आहे. ख्रिस्ती माणसाचे जे ईमान, ते आपल्या दृष्टीने कुफ्र आहे. आपण ईसांना ‘फक्त पैगंबर’ म्हणतो, ते ख्रिस्ती कानाला कमीपणा आणणारे वाटते. मग शिक्षा कुणी कुणाला करायची? इंग्लंडमध्ये ईशनिंदेचा जुना कायदा होता. ‘सॅटॅनिक व्हर्सेस’विरुद्ध तिथल्या मुसलमानांनी तो लावायला सांगितले, तेव्हा न्यायालयाने सांगितले की हा कायदा फक्त ख्रिस्ती धर्माला लागू आहे. पुढे २००८ साली तो रद्दच झाला. ज्याचे राज्य त्याचा देव सुरक्षित, असा त्या कायद्याचा अर्थ होता.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे. तिथे १५६० ते १८१२, मधला थोडा काळ सोडला तर, इन्क्विझिशन चालू होते. शार्ल देलाँ हा तरुण फ्रेंच डॉक्टर १६७३ साली दमणमध्ये पकडला गेला. बाप्तिस्मा आणि मूर्ती यांच्याबद्दल तो काही बोलला होता. गोव्याच्या तुरुंगात राहून १६७६च्या जानेवारीत त्याला जाहीर शिक्षा झाली. सुटल्यावर १६८७ साली त्याने पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो की दमणच्या गव्हर्नरचा एका बाईवरून आपल्यावर राग होता, खरे कारण ते. हे त्याचे म्हणणे. पण नाबोथची गोष्ट वाचलेल्या माणसाला ते अशक्य वाटत नाही.

त्यानंतरचे उदाहरण २०१२चे. मुंबईत विलेपार्ल्याच्या एका चर्चमध्ये क्रूसावरच्या मूर्तीच्या पायातून पाणी ठिबकू लागले. लोक ते पवित्र समजून नेऊ लागले. विवेकवादी सनल एडामरुकू यांनी पाहणी करून सांगितले की तुंबलेल्या गटाराचे पाणी भिंतीतून वर चढते आहे. त्यांच्याविरुद्ध भारतीय दंड संहितेच्या कलम २९५-अ खाली तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला निघून गेले.

हे कलम १९२७चे. लाहोरात प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर लिहिलेल्या एका पुस्तिकेचा प्रकाशक सुटला, त्यातून उठलेल्या संतापानंतर ते आले. म्हणजे आपल्याच समाजाच्या मागणीशी त्याचे नाते आहे. आज भारतीय न्याय संहितेत ते कलम २९९ आहे. त्यात ईशनिंदा हा शब्द नाही. कायदा देवाचे रक्षण करायला बसलेला नाही. जाणूनबुजून, दुष्ट हेतूने धर्माचा अपमान करून लोकांच्या भावना दुखावल्या तरच गुन्हा होतो. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने रामजीलाल मोदी खटल्यात हा हेतूचा मुद्दा अधोरेखित केला होता.

पण संध्याकाळी चौकात जमलेल्या गर्दीला हेतू कोण समजावणार? आमच्या परिसरातल्या एका गावात नववीतल्या एका मुलाच्या मोबाइलवर एक स्टेटस दिसले, म्हणून गर्दी जमली. मुलगा आपलाच होता. मी पोहोचलो तेव्हा शंभरेक लोक असतील. मी ओळखीच्या सात-आठ जणांना बाजूला घेऊन विचारले, स्टेटसमध्ये काय होते? एकानेही ते पाहिलेले नव्हते. प्रत्येकाला दुसऱ्याने सांगितले होते. मुलाचा बाप हमाली करतो. तो प्रत्येकापुढे हात जोडत होता. दोन्हीकडच्या चार जाणत्या माणसांनी रात्री अकरापर्यंत बसून प्रकरण मिटवले. मुलगा मात्र परत शाळेत आला नाही. भिवंडीला मामाकडे गेला, आता लूमवर काम करतो. मराठीत तो वर्गात पहिला यायचा.

त्या रात्री ज्यांना गर्दीचा राग आला होता, त्यातलेच काही जण महिनाभरात माझ्याकडे एक फॉरवर्ड घेऊन आले. त्यात प्रेषितांबद्दल (स.) कुणी काही बोलल्याचे लिहिले होते. “सर, मोर्चा काढायचा, निवेदन मराठीत लिहून द्या.” मी तोच प्रश्न विचारला. नेमके काय बोलला, कुणी ऐकले? उत्तर तेच आले. मी म्हणालो, आधी मूळ शब्द आणा, मग लिहू. ते नाराज होऊन गेले. एक जण अजून सलामाला तुटक उत्तर देतो. प्रेषितांवरचे प्रेम माझ्यातही आहे. त्यांच्याबद्दल वेडेवाकडे ऐकले की छातीत कळ येते. पण ऐकीव गोष्टीवर कुणाच्या मुलाला गर्दीपुढे उभे करणे हे त्या प्रेमात बसत नाही.

कुरआनची दोन वचने मला इथे आधार देतात. चौथ्या सूरहची १४०वी आयत सांगते, अल्लाहच्या वचनांची थट्टा चालली असेल तर विषय बदलेपर्यंत त्या लोकांत बसू नका. उठून जाणे एवढेच. सहाव्या सूरहची १०८वी आयत दुसऱ्यांच्या दैवतांना शिव्या द्यायला मनाई करते, कारण मग तेही अज्ञानाने अल्लाहला शिव्या देतील. नव्या करारातही याला जुळणारा प्रसंग आहे. इफिस शहरात दंगल उसळते, तेव्हा तिथला नगर-अधिकारी जमावाला सांगतो की पौलाच्या या सोबत्यांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही. मूर्तिपूजा न मानणाऱ्यांच्या बाजूने मूर्तिपूजक अधिकारी साक्ष देतो! आपल्याबद्दल अशी साक्ष देणारा शेजारी आपल्या गावात आहे का, हे प्रत्येकाने पाहावे.

सगळ्यात जड वाक्य पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तो जुन्या ग्रंथाचा हवाला देऊन धर्म शिकवणाऱ्यांनाच सांगतो, की लोकांत ईश्वराच्या नावाची निंदा होते ती तुमच्या वागण्यामुळे. चोरी करू नका म्हणता आणि चोरी करता. इथे निंदा करणारा बाहेरचा नाही. नाव घेणारा आणि त्या नावाला न शोभणारे वागणारा, तोच ती करवतो.

हा मजकूर मुसलमान म्हणून वाचताना मला आपली मापे आठवतात. जुमाला पहिल्या सफमध्ये बसून बहिणीचा वारसाहक्क बुडवणारा माणूस, नमाज आटोपून काट्यात खोट धरणारा व्यापारी, आणि वर्गावर वेळेवर न जाणारा मास्तरसुद्धा, लोकांना आपल्या दीनबद्दल काय सांगत असतो? त्याच्याविरुद्ध कुठे निवेदन जात नाही, मोर्चा निघत नाही. शेजारचा मुसलमानेतर माणूस मात्र ते रोज पाहतो आणि त्यावरून आपल्या धर्माबद्दल मत बनवतो. स्टेटस चोवीस तासांनी जाते. हे मत पिढ्यान्‌पिढ्या राहते.