साबणावरची पांढरी भुकटी

खोबरेल तेलाचा साबण आज साच्यातून काढला. वर पांढरी भुकटी धरलीय. ही बुरशी नव्हे. तेलाशी न मिसळलेल्या कॉस्टिक सोड्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की धुण्याचा सोडा बनतो, तोच हा. ओल्या फडक्याने निघेल.

मला धास्ती वाटते ती एका वडीच्या खळग्यात साचलेल्या चकचकीत थेंबांची. 100 ग्रॅम खोबरेलाला साधारण 18 ग्रॅम सोडा पुरतो. वजन बरोबर असलं तरी घोटणं कमी पडलं, तर असा मोकळा सोडा मागे राहतो आणि कातडी भाजते. हातमोजे घालून हा घाणा अख्खाच किसायचा, थोडं पाणी घालून मंद आचेवर एकजीव होईतो शिजवायचा. मग महिनाभर फळीवर. पुतणी आत्ताच वडी मागतेय. तिची त्वचा फार नाजूक, मी देणार नाही.