पालथी फळी

साहित्याच्या भाषांतरावर घर चालत नाही. कन्नड कथा मी मराठीत आणते त्या आवडीपोटी. बंगळुरूतलं घरभाडं निघतं ते मिक्सरच्या, पाण्याच्या पंपाच्या आणि विम्याच्या माहितीपत्रकांतून. तौलनिक साहित्यात एम.ए. करताना हे कुणी सांगितलं नव्हतं, पण माझी त्याबद्दल तक्रार नाही. गेल्या वर्षी असंच एक काम आलं. स्वयंपाकघराच्या ओट्याच्या दोन फळ्या कोपऱ्यात राउटर आणि जिग वापरून कशा जोडायच्या, याची इंग्रजी पुस्तिका होती. सुतारांसाठी तिचं मराठी हवं होतं.

ओटा म्हटलं की आपल्याला दगडच दिसतो. आधी कडप्पा, आता ग्रॅनाइट. बंगळुरूत तर शहराखालीच खडक आहे. लालबागेतली टेकडी सुमारे ३०० कोटी वर्षं जुन्या खडकाची आहे, आणि ओट्यांचे काळे दगड जिगणीच्या कारखान्यांत कापले जातात. कोपऱ्यात दोन लाद्या भिडवून गवंडी फटीत रंगीत लांबी भरतो, काम संपतं. पाण्यानं दगडाचं काही बिघडत नाही. पुस्तिकेतला ओटा मात्र लाकडाच्या भुशाचा, वरून लॅमिनेट चढवलेला. त्याच्या सांध्यात पाणी शिरलं की तो फुगतो, आणि एकदा फुगला की पुन्हा बसत नाही. म्हणून सांधा असा हवा की त्यावरून नख फिरवलं तर अडकू नये.

त्यात या फळीची पुढची कड गोल वळवलेली असते. दुसरी फळी तिला नुसती सरळ भिडवली तर गोलाईपाशी फट राहते. दोन्ही फळ्या पूर्ण रुंदीभर ४५ अंशांत तिरक्या कापल्या तर सांधा लांब होतो, आणि भिंतींचा कोपरा काटकोनात नसेल तर मागे उघडा पडतो. यावर तोड अशी की पुढचा थोडाच भाग तिरका कापायचा आणि बाकीचा सरळ. जिग म्हणजे याच आकाराची खाच पाडलेला जाड फर्मा. राउटरच्या पात्याभोवती एक कडं असतं, ते या खाचेत धरून यंत्र पुढे न्यायचं. कडं ३० मिलिमीटरचं, पातं १२.७ चं. म्हणजे पातं फर्म्याच्या कडेला कधीच लागत नाही. ते कडेपासून ८.६५ मिलिमीटर आत चालतं, आणि तेवढं अंतर फर्म्यात आधीच धरलेलं असतं. हा हिशेब वाचून मला फार बरं वाटलं. मुळाला घट्ट धरून चालायचं आणि तरी काप स्वतःच्या रेषेत घ्यायचा, हे मी रोजच करते. माझ्याकडे आकडा नसतो, इतकंच.

अडचण आली ती अगदी साध्या शब्दाशी. पुस्तिकेत लिहिलं होतं, दुसऱ्या कापासाठी फळी ‘टर्न’ करा. फळी टोकाकडून टोकाकडे फिरवायची की वरची बाजू खाली करायची? मराठीत ‘उलटी करा’ म्हटलं तरी दोन्ही अर्थ निघतात. साहित्यात अशी संदिग्धता आपण जपून ठेवतो. इथे तिची किंमत सुतार मोजणार होता. पातं गोल कडेकडून आत शिरायला हवं. ते तिकडून बाहेर पडलं तर लॅमिनेटचे टवके उडतात आणि पूर्ण फळी वाया जाते.

म्हणून मी पीण्याजवळच्या एका शेडमध्ये गेले. तिथला सुतार खानापूर तालुक्यातला. घरी मराठी, शाळा कन्नड, कामावर हिंदी. त्याच्या डाव्या हाताच्या तर्जनीचं पेर नव्हतं. मी विचारलं नाही. त्यानंच सांगितलं, “पातं बदलत होतो, अक्का. बटण बंद होतं, प्लग लावलेला होता. धक्का लागला.”

मी माझा खर्डा वाचून दाखवला. ‘पाते बदलण्यापूर्वी यंत्राचा वीजपुरवठा खंडित केल्याची खात्री करून घ्यावी.’ तो ऐकत राहिला, मग म्हणाला, “घ्यावी म्हणजे कुणी घ्यावी?”

त्या वाक्याचं व्याकरण निर्दोष होतं. सरकारी फलकांपासून औषधांच्या वेष्टनांपर्यंत आपण हीच मराठी वाचतो. तिच्यात काळजी असते, ती घेणारा माणूस नसतो. शिवाय वाक्य सुरू होतं ‘पाते बदलण्या’पासून. घाईत वाचणारा तेवढंच वाचून हात घालणार. तिथेच बसून मी लिहिलं, ‘आधी प्लग काढा. मग पातं बदला.’ त्यानं मान डोलावली.

मग ‘मेल’ आणि ‘फिमेल’. ज्या फळीच्या पुढच्या कडेत खाच पडते ती फिमेल, जी तिच्यात येऊन बसते ती मेल. नर-मादी लिहायला माझा हात धजत नव्हता. तो काम करता करता सहज म्हणाला, “ही घेणारी, ती येणारी.” मी ते तसंच उचललं.

कापताना त्यानं एकदम खोल पातं घातलं नाही. चाळीस मिलिमीटरची फळी, दर फेरीला आठ-दहा मिलिमीटर. शेवटच्या फेरीला कडं खाचेच्या दुसऱ्या बाजूला दाबून केसभर साल काढली. पहिली फळी झाली. दुसरी घेताना मी मुद्दाम विचारलं, ही कशी ठेवायची?

“मघाची उताणी होती. ही पालथी.”

हे दोन्ही शब्द आपण तान्ह्या बाळांसाठी वापरतो. त्यांत फिरवण्याचा अर्थ शिरायला जागाच नाही. इंग्रजी पुस्तिकेनं ज्यासाठी एक आकृती आणि दोन बाण खर्ची घातले होते, ते मराठीत एका शब्दात बसलं.

छापून आल्यावर मी त्याला पुस्तिकेची एक प्रत नेऊन दिली. भाषांतरकाराचं नाव तिच्यात नाही, अशा कामांत नसतंच. त्याच्या हाताखाली नवा मुलगा होता, तुमकूरकडचा, मराठीचं अक्षर न कळणारा. सुतारानं पुस्तिका रंध्याखाली दाबून उघडी धरली, एकेक ओळ मनात वाचली आणि कन्नडात सांगत गेला. प्लगची ओळ त्यानं दोनदा सांगितली. आकृतीचं पान आलं तसा म्हणाला, “बोरलु.”

मुलानं फळीच्या दोन्ही कडा धरल्या आणि ती पालथी घातली.