चौथा सूर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व्हर्जिनिया नावाचे एक राज्य आहे. तेथील ब्लू रिज या पर्वतरांगेच्या पलीकडे शेनंडोआ नदीचे सुपीक खोरे पसरले असून त्या खोऱ्यात स्टँटन हे टुमदार गाव वसले आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा जन्म १८५६ साली याच गावी झाला. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी त्या परिसरातील काही तरुण मुलांनी गावाचे नाव पुन्हा एकदा दूरवर नेले. मात्र राज्यकारभाराच्या बळावर नव्हे, तर केवळ गळ्याच्या बळावर.

ही मुले १९५५ साली चर्चमधील प्रार्थनागीते गाण्यासाठी एकत्र आली. त्यांत हॅरोल्ड रीड होता, फिल बॉल्स्ली होता आणि ल्यू डीविट होता. चौथा एक मित्र काही वर्षांनी मेळ सोडून गेला, तेव्हा त्याच्या जागी हॅरोल्डचा धाकटा भाऊ डॉन आला. ल्यू हा त्या वेळी जेमतेम सतरा वर्षांचा होता. त्याचा आवाज पातळ, उंच आणि निर्मळ होता. तो गिटार वाजवी, गाणी रची, आणि गाऊ लागला म्हणजे त्याचा सूर इतर तिघांच्या सुरांवर अलगद तरंगत राही.

या चौघांच्या गाण्याची रीत समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे भजनात अनेक जण गातात, तेव्हा सारे मिळून एकच चाल म्हणतात. पाश्चात्त्य चौकंठी गायनाचा प्रकार निराळा आहे. तेथे एकाच वेळी चार जण चार वेगवेगळे सूर लावतात. गाण्याची मूळ चाल एक जण सांभाळतो. स्टँटनच्या मेळात हे काम डॉनकडे होते. सर्वांत खाली खर्जाचा आवाज असतो; तो हॅरोल्डचा. चालीच्या आसपास राहून मधली पोकळी भरून काढणारा आवाज फिलचा. आणि या तिघांच्याही वर चढणारा जो आवाज, ज्याला तिकडे टेनर म्हणतात, तो ल्यूचा. या चारांपैकी कोणताही सूर एकटा ऐकला, तर कित्येकदा तो अपुरा वाटतो. पण चारही एकत्र आले, की दुधात साखर विरघळावी तसे ते एकजीव होतात. उलट त्यांतील एक जरी थांबला, तरी उरलेल्या तिघांना कितीही जोर लावून ती उणीव भरून काढता येत नाही. अशा मेळात कोणी एक मोठा आणि बाकीचे लहान, असा भेद फार काळ टिकू शकत नाही.

प्रारंभी त्यांनी आपल्या मेळाला घेतलेले नाव दुसऱ्या एका मेळाने आधीच धारण केले होते. मग नवे नाव कोणते घ्यावे, याचा खल चालला. एके दिवशी हॉटेलच्या खोलीत त्यांची दृष्टी कागदी रुमालांच्या एका खोक्यावर गेली. त्यावर ‘स्टॅटलर’ असे नाव छापलेले होते. तेच त्यांनी उचलले आणि ते ‘स्टॅटलर ब्रदर्स’ झाले. गंमत अशी, की त्या चौघांत स्टॅटलर कोणीच नव्हता आणि सख्खे भाऊ फक्त दोघेच होते. तरी पुढे ते लोकांच्या दृष्टीने खरोखरच भाऊ ठरले.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, शेतकऱ्यांच्या व डोंगरकपारींत राहणाऱ्या कष्टकऱ्यांच्या गाण्यांतून वाढलेले एक संगीत आहे. त्याला कंट्री संगीत म्हणतात. घर, गाव, देव, प्रीती, विरह आणि मरण हेच त्याचे विषय. या संगीतातील थोर गायक जॉनी कॅश याने १९६४ साली या चौघांना आपल्या सोबत घेतले. पुढे आठ वर्षे ते त्याच्याबरोबर गावोगाव हिंडले.

याच काळात, १९६५ साली, ल्यूने रचलेले ‘फ्लॉवर्स ऑन द वॉल’, म्हणजे ‘भिंतीवरची फुले’, हे गीत ध्वनिमुद्रित झाले. एक एकाकी माणूस खोलीत बसून आहे. वेळ घालवण्यासाठी तो भिंतीच्या कागदावर छापलेली फुले मोजतो आणि माझे कसे छान चालले आहे, असे जगाला सांगतो. गीताची चाल खेळकर आहे. परंतु ऐकणाऱ्याला कळून चुकते, की हा माणूस सुखी नाही. दुःख हसत हसत सांगण्याची ही हातोटी लोकांना फार भावली. त्या गीताने चौघांना देशभर ओळख मिळवून दिली आणि पुढच्याच वर्षी त्यांना ग्रॅमी हे मानाचे पारितोषिक लाभले. १३ जानेवारी १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील फॉल्सम तुरुंगात जॉनी कॅशने कैद्यांसमोर जो प्रसिद्ध कार्यक्रम केला, त्यातही हे चौघे होते आणि तेथेही त्यांनी हे गीत गायिले. बंद खोलीतील माणसाची ती कहाणी चार भिंतींत दिवस मोजणाऱ्या त्या श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज पडली नसेल!

१९७२ नंतर हा मेळ स्वतंत्रपणे कार्यक्रम करू लागला. आठवण हा त्यांच्या गाण्यांचा जणू स्थायीभावच होता. त्यांचे ‘सत्तावन्नचा वर्ग’ या अर्थाचे एक गीत आहे. हॅरोल्ड व डॉन या बंधूंनी ते रचले. १९५७ साली शाळेतून एकत्र बाहेर पडलेली मुले पुढे कोठे कोठे गेली, कोणाची स्वप्ने फळाला आली आणि कोणाची विरून गेली, हे त्यात सांगितले आहे. या गीतालाही ग्रॅमी पारितोषिक मिळाले. कीर्ती मिळाल्यावरही या मंडळींनी स्टँटन सोडले नाही. आपल्या बालपणीच्या जुन्या शाळेची इमारत विकत घेऊन तिची दुरुस्ती केली आणि तेथे आपली कचेरी थाटली. १९७० पासून पुढे पंचवीस वर्षे, दर ४ जुलैला म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, गावच्या उद्यानात त्यांनी लोकांसाठी संगीताचा उत्सव भरवला.

परंतु या साऱ्या आनंदाला एक काळी किनार होती. ल्यूला तरुणपणापासून क्रोन नावाचा आतड्यांचा दुर्धर विकार जडला होता. या विकारात आतड्यांना वारंवार सूज येते, पोटात असह्य वेदना होतात, अन्न अंगी लागत नाही आणि अशक्तपणा माणसाला ग्रासून टाकतो. औषधाने काही काळ आराम पडतो. पण व्याधी समूळ जात नाही. गायकांचे जीवन म्हणजे अखंड प्रवास. आज एका गावी, तर उद्या शेकडो मैल दूर. अवेळी जेवण आणि अपुरी झोप तर नित्याचीच. अशा स्थितीत ल्यूने दोन दशकांहून अधिक काळ आपला सूर सांभाळला. अखेर १९८१ च्या सुमारास शरीराने साथ देण्याचे नाकारले.

अशा वेळी माणूस दोन प्रकारे वागू शकतो. आपल्यावाचून आता सारेच अडेल, ही भावना उराशी बाळगून तो स्वस्थ बसू शकतो; अथवा आपले काम पुढे कोण नेईल, याचा शोध घेऊ शकतो. ल्यूने दुसरा मार्ग पत्करला. व्हर्जिनियातील डोंगरावर, बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी लोक जेथे येतात अशा एका ठिकाणी, जिमी फॉर्च्युन नावाचा एक तरुण गात असे. त्याचे गाणे ल्यूच्या कानी पडले होते. तो उंच, स्वच्छ आवाज ऐकताच ल्यूला त्यात आपल्या मेळाला साजेसा सूर सापडला. त्याने आपल्या मित्रांना जिमीचे नाव सुचवले. जानेवारी १९८२ मध्ये हा २६ वर्षांचा तरुण ल्यूच्या जागी उभा राहिला. ल्यू बरा होऊन परत येईपर्यंतचीच ही तात्पुरती योजना होती.

जिमीची कसोटी सोपी नव्हती. श्रोत्यांच्या कानांत वर्षानुवर्षे दुसराच आवाज बसलेला. रोज रात्री शेकडो नजरा त्याच्या ठायी ल्यूला शोधत असणार. आणि तिघा जुन्या सोबत्यांची कसोटी तरी कुठे सोपी होती? त्यांच्या बाजूला, इतकी वर्षे ल्यू जेथे उभा राहिला, तेथे आता दुसरा कोणी उभा होता.

जून महिन्यात ल्यू परत आला. पण जेमतेम आठवडा गेला आणि प्रकृतीपुढे त्याला हार मानावी लागली. त्याने कायमची निवृत्ती पत्करली आणि जिमी मेळाचा कायमचा सभासद झाला. त्या एका आठवड्याचा विचार मनात आला, की गलबलून येते. आपल्या जागेवर माणूस परत येतो आणि ती जागा आता आपली राहिली नाही, हे त्याला स्वतःच्याच देहाकडून कळते! अशा वेळी ल्यूला दुःख झाले नसेल, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण त्याचा सूर खुंटला नाही. पुढे थोडे बरे वाटू लागताच त्याने एकट्याने गाऊन आपल्या ध्वनिमुद्रिका काढल्या आणि देहाला झेपेल तेवढी संगीताची सेवा केली.

इकडे ल्यूने सुचवलेल्या तरुणाने आपल्या निवडीचे चीज केले. जिमी केवळ गायक नव्हता. तो ल्यूसारखाच गीतेही रचत असे. त्याचे ‘एलिझाबेथ’ हे गीत १९८४ साली देशातील कंट्री गीतांच्या क्रमवारीत पहिले आले आणि पुढच्या वर्षी त्याची आणखी दोन गीते पहिल्या स्थानी पोहोचली. स्टॅटलर ब्रदर्सची एकंदर चारच गीते त्या क्रमवारीत पहिली आली. त्यांपैकी तीन जिमीची! ल्यूने आपली जागा तर दिलीच. पण मेळाच्या पुढील वैभवाचे बीजही त्याच्याच पारखीने रोवले गेले.

१५ ऑगस्ट १९९० रोजी स्टँटनजवळच्या वेन्सबरो येथे ल्यू डीविटचे निधन झाले. त्या वेळी तो अवघा ५२ वर्षांचा होता.

सोबत्याची आठवण कशी ठेवावी? कोणी स्मारक उभारतो, कोणी दरसाल पुण्यतिथी पाळतो. गाणाऱ्यांकडे याहून सोपा आणि अधिक अवघड असा एक उपाय असतो: तो म्हणजे गात राहणे. ल्यूने रचलेले गीत उरलेले तिघे नव्या चौथ्यासह गात राहिले. शब्द ल्यूचे, चाल ल्यूची, आणि वरचा सूर मात्र जिमीचा. दर वेळी ते गीत सुरू झाले, की गेलेला मित्र आणि आलेला मित्र या दोघांनाही तिघांच्या मनात एकाच वेळी जागा करून द्यावी लागत असेल. तेथे ल्यूचे विस्मरण झाले नाही आणि जिमीला परका मानले गेले नाही. ल्यूच्या मागे ते गीत इतरांनीही गळ्यात घेतले. १९९४ साली एका प्रसिद्ध चित्रपटात ते वाजले आणि २००० साली एरिक हेदरली या तरुण गायकाने ते नव्याने गाऊन पुन्हा लोकप्रिय केले.

२६ ऑक्टोबर २००२ रोजी व्हर्जिनियातील सेलम येथे स्टॅटलर ब्रदर्सनी आपला निरोपाचा कार्यक्रम केला. तिघे जुने सोबती आणि ज्याला आता कोणी नवा म्हणत नव्हते असा जिमी, यांनी श्रोत्यांचा निरोप घेतला. तात्पुरता म्हणून आलेला तो तरुण ल्यूच्या जागी वीस वर्षांहून अधिक काळ गायिला होता.

२००८ साली नॅशव्हिल येथील कंट्री संगीताच्या कीर्तिमंदिरात स्टॅटलर ब्रदर्सना स्थान मिळाले. मेळ चौघांचा, पण तेथे नावे नोंदली गेली ती पाच: हॅरोल्ड रीड, डॉन रीड, फिल बॉल्स्ली, जिमी फॉर्च्युन आणि ल्यू डीविट. ल्यूला जाऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती.

२४ एप्रिल २०२० रोजी हॅरोल्डही गेला. मेळाचा कळस आधी गेला होता. आता पायाही गेला. त्याच वर्षी डॉनचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. आपल्या मेळाने ध्वनिमुद्रित केलेल्या गीतांची हकिकत त्याने त्यात एकेक करून लिहून ठेवली आहे. सूर हवेत विरून जातात. पण जे एकत्र गायिले, त्यांच्यापैकी कोणी तरी ते जपून ठेवावे लागतात.

चौघांत गाणाऱ्याला दोन गोष्टी शिकाव्या लागतात. पहिली ही, की आपला सूर चोख लावायचा. आपण कमी पडलो, तर सारे गाणे कमी पडते. दुसरी गोष्ट याहून कठीण आहे. आपल्याला गाता येईनासे झाले, तरी गाणे थांबू नये, अशी इच्छा धरायची. पहिली गोष्ट पुष्कळांना साधते. ल्यू डीविटने दुसरीही साधली. म्हणूनच चौघांच्या मेळात त्याचे स्मरण पाचवे होऊन राहिले.